परवाची दोन अंडी

देवाची उपकरणी घासून झाली. समई, निरांजनं, ताम्हण, घंटा सगळं मागच्या पडवीत उन्हाला मांडलं, आणि उरलेल्या चिंचेच्या कोळात मी अंडी उकडायच्या कुकरची तबकडी घासायला घेतली. देवाच्या भांड्यांची चिंच अंड्याच्या भांड्याला! वर्षापूर्वी कुणी असं करताना दिसलं असतं तर मी कानांवर हात ठेवले असते.

तबकडी अर्धी उजळली. आमच्या विहिरीच्या पाण्याला खार आहे, त्यामुळे तिच्यावर पांढरा थर चढला होता. तो चिंचेने सुटला. पण मधोमध एक कडं उरलं. पिवळट, भांड्यात पाणी राहून आपोआप सुकलं की उमटतं तसं. पुन्हा चिंच लावली, मीठ लावलं, काथ्याने घासलं. कडं हललं नाही. ते कुठल्या दिवसाचं आहे हे मला माहीत होतं, म्हणून हात तिथेच थांबला.

हा कुकर माझ्या सासऱ्यांचा. हरेश्वरदादा. परवा माघ वद्य तृतीया, त्यांचं वर्षश्राद्ध.

दादांचं सगळं आयुष्य निर्मळ गावच्या या वाडीत गेलं. केळी, मोगरा, थोडी वांगी. चाळीस वर्षं सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून ते माणिकपूरला फुलं पोचवत होते. सासूबाई गेल्या तेव्हा माझा नवरा प्रितेश सातवीत होता. दादांनी दुसरं लग्न केलं नाही. भात रांधला, मुलाच्या शर्टाला बटणं लावली, सायकल चालवली. पहाटे निघण्याआधी एक उकडलेलं अंडं मीठ-मिरी लावून खायचं, एवढीच त्यांची चैन. अंडी भुईगावच्या क्लेमेंटची, गावठी. क्लेमेंट आणि दादा लहानपणी एकाच शाळेत मार खाल्लेले.

मी या घरात आले ती माळकऱ्यांच्या घरातून. माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दादांनी घरातली मासळीची कढई, विळी, पाटा सगळं शेजारी देऊन टाकलं आणि मला म्हणाले, "घर आता तुजं. देव पन तुजे. माजं येक अंडं तेवढं ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं, पण अटी घालून. अंडं स्वयंपाकघरात यायचं नाही. मागच्या पडवीत स्टोव्हवर उकडायचं, वेगळ्या पातेल्यात. टरफलं केळीच्या मुळाशी. सोमवार नाही, गुरुवार नाही, एकादशी, चतुर्थी, सणवार नाही, श्रावण तर नाहीच. मी अंड्याला हातही लावणार नाही.

दादांनी एका शब्दाने वाद घातला नाही. पडवीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःचं कॅलेंडर टांगलं, आणि दर महिन्याच्या पहिल्या दिवशी चष्मा लावून अंडं चालणाऱ्या दिवसांवर पेन्सिलीने गोल काढत बसायचे. गोल नेहमी अंड्याच्या आकाराचे, जरा लांबट.

"सतरा दिवस देवाचे, तेरा माजे," एकदा म्हणाले. "माज्यापरीस कोंबडीलाच सुट्ट्या जास्त."

क्लेमेंट पडवीच्या पायरीवर बसलेला होता. तो म्हणाला, "अरे, मग कोंबडीच हो पुढच्या जन्मी. विनयाबाय हात पन लावनार नाय तुला. म्हातारा होऊन मरशील!"

दोघे हसले. मीही आतून हसले. अठ्ठावीस वर्षं असंच चाललं.

ऐंशी पूर्ण झाल्यावर दादा विसरायला लागले. स्टोव्हवरचं पाणी आटून पातेलं लाल झालं तरी ते वाडीत केळीशी बोलत बसलेले. तेव्हा माझ्या मुलीने, निधीने, पगारातून हा कुकर आणला. विजेवर चालणारा, नारळाएवढा, वर पारदर्शक झाकण. आजोबांना पडवीत बसवून तिने शिकवलं.

"आजोबा, हे मापाचं भांडं. याच्या बुडाला टाचणी आहे. अंड्याच्या जाड टोकाला एक भोक पाडायचं, म्हणजे ते फुटत नाही. मग या रेघेपर्यंत पाणी. पाणी संपलं की तो स्वतःच ओरडतो. तुम्हाला लक्ष ठेवायला नको."

"सात अंड्यांना पानी किती?"

"एका अंड्यापेक्षा कमी."

"जास्त मानसं, पानी कमी?" दादा माझ्याकडे वळून म्हणाले. "ह्यो तर आपल्या गावचा नळ आनलाय पोरीने!"

त्या दिवसापासून सकाळी साडेसातला, मी देवापुढे जपाला बसलेली असताना, मागून तो कुकर ओरडायचा. कर्कश, लांबलचक. मी एक मणी चुकायची. दादा अंडं टोचायच्या आधी त्याला म्हणायचे, "माफ कर गे बाय." मग खायचे, आणि पिवळ्यातला चिमूटभर पडवीच्या कठड्यावर ठेवायचे. एक कावळा ठरलेला होता. डाव्या पंखात एक पांढरट पीस. महिन्याभरात तो इतका शहाणा झाला की कुकर ओरडला की कठड्यावर हजर.

आता त्या शुक्रवारचं लिहिते. रोजच्या वहीत ते लिहिलेलं आहे, पण खोटं लिहिलेलं आहे.

आदल्या दिवशी दुपारी आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज पुढे ढकलला होता, 'उद्या संकष्टी, चंद्रोदय अमुक वाजता.' मी तो वाचला आणि उपास धरला. कॅलेंडर पाहिलं नाही. मोबाईलवर आलं म्हणजे खरंच असणार.

सकाळी फुलं काढायला मागे गेले तर कुकर चालू. झाकणावर वाफ धरलेली, आत एक अंडं. दादा स्टुलावर, हातात मिठाची वाटी.

"दादा, आज संकष्टी आहे!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

मी पुढे होऊन बटण बंद केलं, वायर ओढून काढली. अंड्याला हात लावायचा नाही म्हणून ते तसंच आत राहिलं. "एवढ्या वर्षांत कधी चुकला नाहीत," मी म्हटलं. आवाज चढलाच होता माझा.

"बरं," दादा म्हणाले. "परवा दोन खाईन."

मिठाची वाटी ठेवून ते वाडीत गेले. मी पूजा आटोपली आणि वही काढली. माझ्या वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मी आधी देवाचं नाव लिहिते. त्याखाली लिहिलं, 'संकष्टी. उपास. दादा आज समजूतदारपणे वागले.'

अकराच्या सुमाराला प्रितेशने त्यांना पाटाच्या कडेला पाहिलं. केळीच्या बुंध्याला टेकून बसलेले. पाय पाण्यात. मोटर चालूच होती, आणि पाणी त्यांच्या पावलांवरून वाहत पुढच्या आळ्यात जात होतं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना कुणीतरी शेजारीण म्हणाली, "आज संकष्टी ना, मी काही खाणार नाही, चहाच दे." मी म्हटलं, "काल झाली." ती म्हणाली, "नाही गं, आज."

मी मागे पडवीत गेले. कॅलेंडरवर शुक्रवारी गोल होता. शनिवारी चतुर्थी, गोल नव्हता. रविवारी गोल होता. तेव्हा मला कळलं, दादा 'उद्या' का म्हणाले नाहीत. उद्याची खरी संकष्टी त्यांना माहीत होती. माझी चूक त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेली होती. सुनेला खोटं पाडायचं नाही, एवढ्यासाठी ते उपाशी उठून गेले.

मी हे कुणालाही सांगितलं नाही.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवले. आमच्यात बायकाही जातात. झाडावर कावळे होते, खाली एक उतरेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. प्रितेशने हात जोडून सांगितलं, "दादा, वाडी विकणार नाही." कावळा हलला नाही. निधी रडत म्हणाली, "आजोबा, मोगऱ्याला मी पाणी घालीन." नाही. ऊन चढलं. क्लेमेंट बाजूला डोक्यावरची टोपी काढून उभा होता. तो हळूच म्हणाला, "अंड्यासाठी रुसला असंल रे तो. मी ओळखतो त्याला."

सगळे डोळे पुसता पुसता हसले. मी हसले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. पिंडासमोर, भटजींसमोर, गावासमोर मी अंडं कसं म्हणू? आणि म्हटलं की पुढचंही सांगावं लागणार.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेराव्यानंतर पडवी झाडताना मी झाकण उचललं. अंडं होतं तसं. जाड टोकाला टाचणीचं भोक, त्यातून पांढरं बाहेर येऊन घट्ट झालेलं, काळं पडलेलं. खालचं पाणी आपोआप सुकून गेलं होतं. मी नाकाला पदर लावून ते केळीच्या मुळाशी पुरलं, कुकर दादांच्या पंच्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जपाला बसले आणि मागून कुकर ओरडला.

मणी हातातून सुटले. धावत गेले. पडवीत कुणी नव्हतं. कठड्यावर तेवढा कावळा बसलेला, पांढऱ्या पिसाचा, माझ्याकडे मान तिरकी करून.

त्यानंतर वर्षभर हेच. रोज नाही. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, चतुर्थीला नाही. श्रावणभर एकदाही नाही. भाद्रपद लागला तशी पहिल्याच चालत्या दिवशी कर्कश ओरड. मी शेजारच्यांच्या मिक्सरला दोष दिला, वाडीच्या मोटरला दिला. निधी म्हणाली, "आई, कुकर माळ्यावर आहे, प्लग नाही, कसा वाजेल?" प्रितेश म्हणाले, "कानाच्या डॉक्टरला दाखवू." दाखवलं. कान उत्तम आहेत.

आणि कावळा. मी त्याला पोळी ठेवली, दहीभात ठेवला, सर्वपित्रीला वड्याचा तुकडा ठेवला. दुसरे कावळे येऊन खाऊन गेले. तो शिवला नाही. तो फक्त बसायचा आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघायचा. कॅलेंडर मी काढून गादीखाली ठेवलं होतं. वहीतलं ते पानही फाडता येत नाही. माथ्यावर देवाचं नाव आहे.

परवा पुन्हा पान वाढायचं. पुन्हा तो शिवला नाही तर आणखी एक वर्ष, आणि मग आणखी एक. म्हणून आज माळ्यावरून कुकर काढला.

तबकडी अर्धी घासून मी तशीच बसले होते. प्रितेश श्राद्धासाठी केळीची पानं कापून घेऊन पडवीत आले.

"हे काय? दादांचा कुकर आज कसा काढलास?"

"अहो, बसा जरा," मी म्हटलं. "मला एक सांगायचंय."

ते पायरीवर बसले. मी सगळं सांगितलं. मेसेज, वायर, परवा दोन. गादीखालून कॅलेंडर आणून समोर धरलं, वहीचं पान उघडून दाखवलं. त्यांनी पेन्सिलीच्या गोलावरून बोट फिरवलं. पानांवरचं पाणी त्यांच्या पॅंटवर ठिबकत होतं.

"उपाशी गेले," शेवटी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"हो."

"आणि तू दहाव्याला गप्प उभी होतीस."

"हो."

उठून जातील असं वाटलं. उठले, चार पावलं गेले, परत आले. "श्राद्धाच्या पानावर अंडं चालणार नाही, विनया."

"माहीत आहे. श्राद्धाचं पान वेगळं. भटजी गेले की इथे पडवीत एक पान मांडायचं. याच कुकरमध्ये मी उकडणार. मीच टोचणार. आणि परवा कावळ्याला हात जोडून जे सांगायचं ते मी सांगणार, सगळ्यांसमोर."

"जमेल तुला?"

"नाही जमलं तर तुम्ही हात धरा."

त्यांनी केळीच्या पानांतलं एक निवडलं, लहान, न फाटलेलं, आणि बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "दादा मीठ-मिरीची पूड करायचे. जाडसर. मिक्सरमधली नको."

परवा बुधवार. यावेळी मी मोबाईल नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, नवीन आणि जुनं दोन्ही शेजारी ठेवून, दोनदा. काहीच आडवं येत नाही.

कठड्यावर तो बसला आहे. मी हात पुसून लिहायला बसले तेव्हापासून आहे. तबकडीवरचं कडं मी तसंच ठेवलं, आता घासणार नाही. समई आणि निरांजनं सुकली असतील, ती उचलून देवाजवळ ठेवते, दारात रिक्षा बघते, आणि भुईगावला क्लेमेंटच्या घरी दोन गावठी अंडी आणायला जाते.