आईची गोळी आणि रोवणीचा चहा

गेल्या दिवाळीत अड्याळला माहेरी गेले आणि आईने तासाभरात चौथ्यांदा विचारलं, "जावई नाही आले का वं?" ते परवा येणार आहेत, हे माझं तीनदा सांगून झालं होतं...

आधी हसले. मग मात्र मावशी आठवली.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, सानगडीची. तिला मेंदूत लहान लहान झटके आले आणि ती एकेक माणूस विसरत गेली. शेवटी स्वतःच्या मुलालाच "तुमी कोनाकडले?" म्हणून विचारायची.

आई त्याच वाटेला लागली, असं मी धरूनच चालले. मी आहेच तशी, आधी रडून घेते, मग विचार करते. भाऊबीज उरकली आणि तिला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन आले.

रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन झाला. "थायरॉइडची गोळी रोज घेतात ना?" डॉक्टरांनी विचारलं. रोज, असं मी ठासून सांगितलं... शाळेत विज्ञान शिकवते ना मी, संप्रेरकांचा धडा तोंडपाठ. रिपोर्ट आला तर टीएसएच भलताच वाढलेला, म्हणजे थायरॉइड फारच कमी पडलेलं.

आई पदराशी चाळा करत बसली होती. हळूच म्हणाली, "रोवणी लागली तवापासून नाही घेतली."

आई धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी आहे. झोपेतून उठून डबा बांधते न बांधते तोच बायांना नेणारी गाडी दारात. शेतावर पोचलं की मालक चहा देतो, पहिला कप आईचा. तिने घेतल्याशिवाय कोणी कपाला हात लावत नाही, आणि चहा झाल्याशिवाय कोणी चिखलात उतरत नाही.

गोळीनंतर तासभर चहा घ्यायचा नाही, असं तिला सांगितलेलं. "माह्या एकटीसाठी साऱ्या बायाइनं काहून थांबाव?" म्हणून तिने गोळीच बंद केली. रोवणी संपली तरी गोळी पुन्हा सुरू झालीच नाही, आणि मी एकदाही पाकीट उघडून बघितलं नाही.

स्कॅनमध्ये झटक्याची खूण नव्हती. विसरणं बहुतेक थायरॉइडमुळेच असावं, म्हणाले डॉक्टर. पण थायरॉइड असंच कमी राहिलं तर कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तवाहिन्या खराब होतात... त्यात आईला बीपी आणि बहिणीचं ते दुखणं. ही गोळी चुकवायची नाही, असं त्यांनी दोघींनाही बजावलं.

उन्हाळ्यापर्यंत आई पुष्कळ सुधारली. मला धास्ती होती ती पुढच्या रोवणीची. टोळीतल्या पार्बताकाकूंना फोन करून मी गोळी आणि चहावर चांगलं लांबलचक लेक्चर दिलं. त्या सगळं ऐकून "बरं" एवढंच म्हणाल्या.

रोवणी लागली आणि गेल्या रविवारी राहवलं नाही, म्हणून मीच त्यांच्या गाडीत बसून शेतावर गेले. मालक किटली घेऊन आला. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं, "आता नाही भाऊ. एक बांधी झाली का मंग आनजा." बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा एक तुकडा, तो रोवून होईपर्यंत तासभर सहज जातो.

आई कानकोंडी झाली. "तुमी घ्या ना वं, माह्यासाठी कायले थांबून राहिल्या?"

"पह्यला कप तुहाच," काकू म्हणाल्या. "आमी का मरून राहिलो का चहासाठी?"

आणि सगळ्या जणी तशाच, चहाविना चिखलात उतरल्या. आई बांधावर क्षणभर उभी राहिली, डोळे पुसले आणि त्यांच्या मागे गेली.

मी मात्र तिथेच रडले... यावेळी कारण चांगलं होतं. औषध डॉक्टरांनी दिलं, पण आईच्या पोटात ते रोज जातंय या बायांमुळे. आईने मला ओळखत राहावं म्हणून त्या रोज सकाळी आपला चहा थांबवतात, आणि त्यांच्यातली एकही मला हे बोलून दाखवत नाही.