क्लच कुठाय?

आमच्या बिबवेवाडीतल्या आम्रपाली ओव्हाळ पोस्टातून निवृत्त झाल्या आणि सासवडजवळच्या आपल्या जमिनीसाठी त्यांनी एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला. म्हणून त्यांनी वेल्डरसमोर स्वतः उभं राहून क्लचचं पेडल काढायला लावलं आणि त्याऐवजी डाव्या हाताशी लांब दांडा बसवून घेतला. तरी स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या की एकच पालुपद: "मॅडम, साहेबांना पाठवा." अरे, कुठल्या साहेबांना? ट्रॅक्टर बाईंचा, जमीन बाईंची आणि अक्कल तेवढी साहेबांकडे?

शेजारच्या प्लॉटचे बद्रीनाथ तर बाईंना रोज ट्रॅक्टर चालवताना बघतात. परवा त्यांची गाडी चिखलात रुतली. आले आणि म्हणतात कसे, "ट्रॅक्टरची किल्ली द्या, गाडी ओढून काढतो. हे बायकांचं काम नाही."

बाईंनी किल्ली दिली. गृहस्थ ऐटीत वर चढले, इंजिन सुरू केलं आणि डाव्या पायाने खाली चाचपडत बसले.

"अहो, क्लच कुठाय?"

"रोज बघता ना मला?" बाई म्हणाल्या. "उतरा."