खजुराच्या बीचा मणी

आधी इस्माईलचाचांचं नाव लिहिते, मग काय घडलं ते. ते भेटले नसते तर आज मी इथं अशी बसून लिहीत नसते.

मी आटपाडीकडची. सातवीतच शाळा सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. लग्न झाल्यापासून तामिळनाडूत, सेलमला राहते. आमच्या ह्यांचं गलाईचं काम... म्हणजे सोनारांकडून आलेलं सोनं-चांदी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, शुद्ध करून द्यायचं. खाली दुकान, दुकानामागे तेजाबाची खोली, वर आम्ही दोघं.

भूत, करणी, अंगात येणं — असलं मी कधीच मानलं नाही. कुणी सांगायला लागलं की हसायचे. जपाची माळ ओढायचे, पण तीही मोठी भक्ती म्हणून नाही. इथली भाषा कळेना, ओळखीचं कुणी नाही आणि तेजाबाची तर इतकी धास्ती, की खाली भांडं वाजलं तरी मी जिन्याकडे धावायचे. सासूबाई म्हणाल्या, "हाताला काम दे, मग मन गप बसतंय." आणि स्वतःची तुळशीची माळ दिली. एकशेआठ मणी, शेवटी गोंडा लावलेला बोराएवढा मेरुमणी. गोमुखीत, म्हणजे कापडी पिशवीत, हात घालून ओढायची. मध्ये बोलायचं नाही, पिशवीत डोकावायचं नाही, मेरू लागल्याशिवाय उठायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी आले होते. साताऱ्याला बहिणीकडून निघाले आणि स्टँडवरच माळ तुटली. मणी फरशीभर! मला रडूच फुटलं. शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे चाचा खाली बसून माझ्याबरोबर मणी वेचायला लागले.

"रडतीस कशाला पोरी? पटवेकऱ्याच्या म्होरंच तुटली की. माळा ओवण्यातच जल्म गेला माझा."

पिशवीतून रेशमी दोरा काढून ते बाकावरच ओवायला बसले. सुई मात्र मी ओवून दिली, त्यांना सुईचं नेढं दिसेना. मोजले तर एकशेसात मणी. बाकाखाली, नळाजवळ, सगळीकडे शोधलं... तिकडं माझी बस लागलेली.

"अपुरी माळ कशी चालंल, चाचा?"

त्यांनी खिशातून स्वतःची तसबी, म्हणजे त्यांची जपमाळ, काढली, गाठ सोडली आणि एक मणी काढला. खजुराच्या बीचा, बोटं फिरून फिरून काचेसारखा गुळगुळीत झालेला.

"आवं, पण तुमची?"

"माझी तेहतिसाची हाय. बत्तीस ओढीन, एक पेरावर मोजीन. तुला परमुलखात ऱ्हायचंय, तुझी पुरी पायजे."

शेवटचा म्हणून तो मणी मेरूला लागूनच ओवला. मी पैसे देऊ लागले तर चाचा रागावले; नाव तेवढं सांगितलं, इस्माईल.

तेव्हापासून न बघता कळायचं. गुळगुळीत मणी बोटाला लागला, की पुढे मेरू. माळ संपली. मग मी चहा घेऊन खाली जाणार, हे तेजाबापुढच्या पाटावर बसलेले असणार, आणि तिथंच दोघं चहा पिणार. रोजचं ठरलेलं.

दिवाळीआधीची सकाळ, साडेनऊचा सुमार. मणी सरकत होते. गुळगुळीत मणी आला... आणि पुढे मेरू नाही. तुळशीचा खरखरीत मणी! वाटलं, बोट चुकलं. ओढत राहिले. परत गुळगुळीत मणी. परत मेरू नाही.

खालून हाक आली, "अगं ए, चहाचं काय?"

"हूं..." मला तेवढंच करता येत होतं.

"हूं काय हूं? म्हशीवानी!"

तिसऱ्यांदा गुळगुळीत मणी आला आणि गेला. गोंड्यासकट एवढा मोठा मेरू, तो तीनदा चुकेल कसा?

शेवटी हे ताडताड जिना चढून वर आले. "देवाचं ऐकून झालं आसंल तर नवऱ्याचं बी ऐक की! का आता सेलमच्या समद्या देवांचं—"

खाली फाडकन आवाज झाला.

माझ्या बोटाला गोंडा लागला. मेरू आला होता.

तेजाबाचं काचेचं भांडं फुटलं होतं. खोलीभर तांबडा धूर. नंतर पाहिलं तर ह्यांचा पाट करपून काळा पडलेला, आणि शेजारी मी बसते तिथली चटई... काय सांगू. ह्यांनी पायरीवर बसून माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

दुपारी ह्यांनी उजेडात बसून माळ मोजली. एकशेआठ. मेरू जागेवर, गाठ घट्ट. म्हणाले, "तुझा डोळा लागला आसंल." असेलही. पण झोपलेली बाई हाकेला हूं म्हणते का? भांडं जुनं झालं होतं, ते का फुटलं हे कळतं. माळेचं अजून कळलेलं नाही. आता हेच रोज खाली जाण्याआधी विचारतात, "झाली का गं माळ?"

बहिणीनं साताऱ्यात चाचांना शोधून सगळं सांगितलं. ते हसले म्हणे. "मणी साधाच हाय, पोरीला सांग. आन मला बत्तिसाची सवं झालीया."

पण ह्यांनी आपली थोडी चांदी बाजूला काढून मणी करायला घेतलाय. आमचं काम गाळायचं, घडवायचं नव्हे. दोन मणी वाकडे झाले, तिसरा चालू आहे. चाचा, येत्या उन्हाळ्यात मी त्याच बाकावर येऊन तुम्हाला सुई ओवून देणार, आणि तुमचे तेहतीस पुरे करणार.