अडीच हजार कौल

आमच्या घरावर आज ही मंगळुरी कौलं दिसतात ना, ती चढवताना मी अख्ख्या गावासमोर असा काही आपटलो, की आता काय सांगू तुम्हाला! बसा, चहा घ्या, सांगतोच.

जुनं घर म्हणजे काय, ते ज्याचं असतं त्यालाच ठाऊक. मसुऱ्याकडचं आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कुंभाराने थापलेले अर्धगोल नळे. दर वैशाखात ते नळे परतायचे, फुटके बदलायचे, आणि आपण शिडीवरून उतरलो रे उतरलो की वानरांनी वर चढायचं! आपण घर शाकारायचं ते जणू त्यांच्या उड्यांसाठीच. त्या साली तर पश्चिमेची भिंत पाणी पिऊन पोट काढून उभी राहिली होती. आईने स्पष्ट सांगितलं होतं, "झिला, आणखी एक पावस ही भिंत काढूची नाय."

मी तेव्हा मुंबईत कारकून. साल पंचावन्न-छप्पनच्या सुमारास. रजा मिळाली आठ दिवसांची. गुपचूप मंगळूरहून कौलं मागवली; मचव्याने ती मालवणला उतरणार, तिथून बैलगाडीने घरी. आईला चकित करायचं होतं, म्हणून तोवर कुणाला अवाक्षर बोललो नाही. आता प्रश्न माणसांचा. पावसाआधी जो तो आपापल्या छपरावर चढलेला, तुमच्याकडे येणार कोण?

म्हणून चुलतभाऊ बाबलला तेवढं कार्ड टाकलं. मोजकं लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या कचेरीत कोणी नव्हता, ही माझी समजूत. पाल्हाळ नाही, काही नाही. 'शनिवारी येतो. घराला कौलं लावणे. माणसं गोळा करणे.' झालं!

शनिवारी दुपारी एस. टी.तून उतरून घरी पोचतो तो काय, अंगणात चाळीस माणसं! अहो, मी चार-सहा येतील अशी आशा धरून होतो. माझी छाती अशी फुगली म्हणता! म्हटलं, बघा, शब्दाला वजन असावं तर असं.

पुढे देवळाचे गुरवमामा उभे. हातात नारळ आणि फुलांचं तबक. मला वाटलं, शुभकार्य आहे, नारळ हवाच.

गुरवमामांनी हळूच विचारलं, "किती लावूया?"

"अडीच हजार!" मी ऐटीत म्हणालो.

मामांच्या हातातलं तबक कललं. "अडीच हजार? अरे, तीन लावले म्हणजे झाला!"

"तीनात काय होतंय मामा? न्हाणीसुद्धा व्हायची नाही!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी मात्र रंगात आलेलो. मुंबईला राहून मालवणी सोडून जरा पुस्तकी बोलायची खोड लागली होती ना!

"बरां, उजव्यान झाला तर उत्तमच," मामा म्हणाले.

"उजवी नाही, डावी नाही, मला दोन्ही बाजू पाहिजेत!"

"दोनूय? मगे ठरवूचा कसा? बरां, लावतंय. पटकन पडलो म्हणजे झाला."

"पडला?" मी ओरडलोच. "मामा, एकही पडता कामा नये! घट्ट बसवायची. आणि पडलंच तर द्या फेकून, दुसरं लावा! माल थेट मंगळूरचा आहे!"

गावचे मानकरी तातू काठी टेकत उठले. डोळे लाल.

"मंगळूरचो? आमचो गावदेव काय झोपलो हा, म्हणान तू मंगळूरसून कौल हाडलंस? चला रे! हयसर कोणी रवा नको!"

आणि चाळीसच्या चाळीस माणसं धोतरं सावरत उठली! मला काही कळेना. मी आडवा धावतोय, "अहो तातू, झालं काय?" म्हणून विनवतोय. आठ दिवसांची रजा, ती पोट काढलेली भिंत, आणि माझी माणसं चालली! खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात पाणंदीतून गाडीवानाची हाक आली, "दादानू, कौलां खंय उतरवू?"

चाळीस माना वळल्या. पेंढ्यात बसवलेली लालभडक कौलं!

तातूंनी बाबलकडे पाहिलं. बाबलने खिशातून माझं कार्ड काढलं. 'घराला कौल लावणे.' 'माणसं'वरचं टिंब अगदी ठसठशीत होतं हो! 'कौलं'वरचंच तेवढं मुंबईत राहिलं होतं. बाबलने ते कार्ड दुकानात मोठ्याने वाचलं होतं, आणि मी देवाच्या अंगावर पाकळ्या लावून, उजवी आधी पडते की डावी ते बघून, घराबद्दल कौल विचारणार, हे गावाने ठरवून टाकलं. घराला बाधा झाली म्हणून, घर विकायचंय म्हणून... प्रत्येक वाडीत कारण वेगळं!

आधी तातू हसले. मग काय, हसून हसून माणसं अंगणात लोळायची बाकी. गुरवमामा तर डोळे पुसत म्हणाले, "अडीच हजार कौल! देवाची पाठ मोडली आसती रे!"

पण गंमत पुढेच. तातू म्हणाले, "देवाच्या नावान जमलेली माणसा अशी परत धाडूची नसतत." खरोखरच देवाला कौल लावला, उजवा आला, आणि तीच चाळीस माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी छपरावर! नळे उतरले, रिपा ठोकल्या, भिंतीला टेकू मिळाला, चार दिवसांत घर लालभडक! पैसे देऊनही अशी माणसं मिळाली नसती. आई अंगणात उभी राहून वर बघायची आणि पदराने डोळे टिपायची. माझा आनंद तर त्या छपरावर मावत नव्हता.

शेवटचं कौल बसलं तसे तातू नारळ घेऊन उभे राहिले. गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचा घर वाऱ्या-पावसात राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस गळे.

"वानरांक दुसऱ्या घराची वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पुढच्या कार्डार टिंब देवची बुद्धी ह्येका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज पडवीतून आला. आईचा.