वाघमारे सरांचं ‘मागं चला’

कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून कुणी डोळे पुसायला लागलं, की वाघमारे सर चिडायचे. "रडून झालं? आता मागं चला," म्हणायचे. मागं म्हणजे पुस्तकात मागं. पात्र बदललं म्हणता ना, मग कुठल्या पानावर बदललं ते बोट ठेवून दाखवा! बोट चुकीच्या पानावर पडलं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "कामून?" म्हणजे ‘का?’ मूळचे परभणीकडचे. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले आणि मुंबईतली जागा सोडून मिरा रोडला, सिल्व्हर पार्कात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुंबई सुटली, पण ‘कामून’ काही सुटलं नाही.

दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही पाच-सहा जण त्यांच्याबरोबर जुन्या अभिजात कादंबऱ्या वाचायचो. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करणारी बाई. कॉलेज सुटल्यापासून पासबुकाशिवाय काही वाचलं नव्हतं. इथल्याच मोरवा गावचे पाटील मामा महापालिकेतून निवृत्त झालेले, ते सुरुवातीला नुसते पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून यायचे. आणि अशा वर्गाला सर व्यक्तिरेखेचा विकास शिकवत होते, बोला!

एकदा एका जाडजूड कादंबरीतला हेकट थोरला भाऊ आमच्या वाट्याला आला. जन्मभर धाकट्याचा दुस्वास करतो आणि शेवटी त्याच्या उशाशी बसून माफी मागतो. आम्ही सगळ्यांनी त्या माफीवरच बोट ठेवलं. सर हसले. "माफी काय हो, कुणीही मागतं. बोलायला काय जातं? मागं चला. अजून मागं." असं करत करत त्यांनी आम्हाला पुस्तकाच्या पार मध्यावर नेलं. तिथे थोरला जेवायला बसलाय आणि घास घेता घेता बायकोला विचारतो, "तो जेवला का?" बस, एवढंच वाक्य. आम्ही सगळे त्याच्यावरून सुसाट पुढे निघून गेलो होतो. "हितं बदलला तो," सर म्हणाले. "अन् त्याचं त्यालाच ठाऊक नाही. माणूस आधी हातानं बदलतो, तोंडाला लई उशिरा कळतं." त्या दिवशी घरी जाऊन मी ते पान पुन्हा वाचलं आणि खरंच अंगावर काटा आला.

पण स्वतःचा विषय निघाला की सर एकदम गप्प. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता नाशिकला असते. ती कधी येत नसे. का, ते त्यांनीच एकदा जिना चढताना मला सांगितलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी खुर्चीतूनच हाक मारली होती, "सुजाता, चहा टाक. साखर कमी, आई टाकायची तशी." ती म्हणाली, "मी आई नाही." पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत थांबली आणि बॅग उचलून गेली. पुढे कित्येक वर्षं बापलेकीचा फोन झालाच तर तब्येतीपुरता. "चूक तिची नाही," सर म्हणाले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सर पुस्तक न घेताच वर्गावर आले. "आज दुपारी सुजाता येतीय," म्हणाले. "म्हणाली, बघून जाते एकदा. मी तसाच दिसलो तर पुन्हा यायची नाही ती." आणि रात्रभर पाठ केलेलं माफीचं भाषण त्यांनी आम्हाला म्हणून दाखवलं. भाषण उत्तम होतं हो! ‘अपराधी’ काय, ‘प्रायश्चित्त’ काय.

मला राहवेना. म्हटलं, "सर, ही तर शेवटच्या प्रकरणातली माफी झाली. बोलायला काय जातं? तुम्हीच मागं चला."

सर माझ्याकडे वळले. "माझ्यात काय शोधतीस? मी होतो तसाच आहे."

"तसाच कसा?" पाटील मामा सरसावून बसले. "त्या दिशी हापिसात मिटिंग व्हती, सेक्रेटरीनं आपल्याला भायेर पिटाळला, तवा तुमी सगल्यांना घरी नेलं ना? सोताच्या हातानं चाय केली ना? पांचट व्हती, पन केली. ता पान हाय!"

सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. "कामून? चहानं काय सिद्ध होतंय?" असं पुटपुटत राहिले. पण निघताना ते भाषण पुन्हा म्हणून बघितलं नाही, हे मी टिपलं.

दुपारी त्यांनी मला बळेच हॉलमध्ये बसवून घेतलं. "तू बस वर्षा, मला एकट्यानं झेपायचं नाही." सुजाता आली. अगदी काकूंचा चेहरा, फक्त हसू तेवढं नाही. सरांचं भाषण कुठल्या कुठे पळालं! "प्रवास बरा झाला का?" "झाला." "थंडी आहे का तिकडं?" "आहे." शेवटी सुजाता कोरड्या आवाजात म्हणाली, "चहा टाकते," आणि उठली. झालं, म्हटलं, पुन्हा चहाच आडवा आला!

हॉलमधून ओटा दिसतो. तिने सवयीने वरचं कपाट उघडलं. रिकामं. दुसरं उघडलं, तेही रिकामं. ती तशीच हात वर धरून उभी राहिली. "डबे कुठे गेले?"

"खाली आहेत. ओट्याखालच्या फळीवर." सर उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, पण आत गेले नाहीत.

"कुणी ठेवले? कामाला बाई ठेवलीत का?"

"बाई कशाला? मीच ठेवले."

"कधी?"

"तू गेलीस त्या दिवशीच. चहा करावा म्हणून ओट्याशी आलो, तर साखर कुठं असती तेच ठाऊक नाही. जन्म गेला तुझ्या आईच्या हातचा चहा पिण्यात, अन् साखर कुठं असती ते ठाऊक नाही." सरांनी वरच्या रिकाम्या कपाटाकडे बघितलं. "मग स्टुलावर चढलो. चढताना कळलं, तुझी आई रोज चढत होती. गुडघे सुजलेले असायचे तरी चढत होती. मी खुर्चीतून बघत होतो अन् मला दिसत नव्हतं. म्हणून काढले सगळे डबे खाली. लई उशिरा काढले, सुजाता."

मी मनात म्हटलं, चुकलं की आमचं पान! पाटील मामांनी बोट ठेवलं, त्याच्याही किती मागं होतं ते. आणि सरांनी आम्हा कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हे त्यांना तरी कुठं माहीत होतं?

सुजाता खाली वाकली. तिने साखरेचा डबा काढला, झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं. किती तरी वेळ तो तसाच छातीशी धरून उभी होती. मग तिने नाक पुसलं, डबा सरांच्या हातात दिला आणि येऊन त्यांच्या खुर्चीत बसली.

"तुम्हीच करा," ती म्हणाली. "साखर कमी टाका."