काढून टाकलेला फर्मा

सावत्र आई वाईट नसेल तर पोरगी उंबरठा ओलांडत नाही आणि कथा जागची हलत नाही, हे बाइंडिंगवाल्या बाईला पुस्तकं शिवता शिवता उमगलं होतं. मुलांच्या जादूच्या कादंबऱ्या रोज तिच्या हाताखालून जात. वर उडते घोडे असोत की मंत्रांची शाळा, आत हाडं जुन्या परीकथेचीच. आई मेलेली, धाकटं सगळ्यांत शहाणं, उघडू नको म्हटलेलं दार उघडलं जाणारच. आणि घरात ती, दुसरी.

बाई स्वतः दुसरीच होती. नवरा गेला, त्याची पोर मागे राहिली. पोर तिला मावशी म्हणे आणि ताटाचा आधी वास घेई. "खा गं, विष महाग झालंय," बाई म्हणे. पोर हसत नसे. रविवारी मामा येऊन विचारणार होता, इथे राहतेस की माझ्याकडे येतेस. पोर म्हणेल ते शेवटचं. बाईला तिच्यावाचून कोणी नव्हतं.

वर्गात सगळ्यांनी वाचलेली एक कादंबरी पोरीला हवी होती. बाईने मालकाकडून सुटे फर्मे मागून घेतले. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. शिवताना एकावर नजर गेली. सावत्र आई मुलीला तळघरात कोंडत होती. पुढचं बाईला न वाचताच पाठ होतं. तो फर्मा तिने कातरणात टाकला आणि उरलेल्यांना अशी शिलाई घातली की मालकालाही पत्ता लागू नये.

रविवारी मामा येऊन टेकला. पोरीने पुस्तक आणून बाईच्या मांडीवर ठेवलं.

"मधली पानं कुठेत, मावशी?"

छापखान्यात राहिली असतील, असं बाईने म्हणून पाहिलं.

"शिवण तुझी आहे. मी ओळखते."

"तुझ्यासाठीच काढली गं. ती कोंडते तिला त्यात."

"राक्षस येतो म्हणून कोंडते. मग स्वतः दारात उभी राहते नि मरते. मला तेवढंच वाचायचं होतं."

मामाने घसा खाकरला. पोर बाईकडे बघतच राहिली.

"आईच्या वस्तूही अशाच काढल्यास?"

नाही, बाईने मान हलवली. ते खरं होतं. पोर तोवर चपला शोधत होती.