दोन वर्षं जादा

माझा दादा शिंपी. गिऱ्हाइकं त्याला तोंडावर मास्तर म्हणतात आणि माघारी ढगळ मास्तर, कारण त्याने शिवलेला कपडा कधी अंगाला चिकटत नाही. माप चौतीस आलं की तो छत्तीस धरून चालतो. वर शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखून ठेवतो. आमच्या धंद्यात त्याला माया सोडणं म्हणतात. जास्त झालं तर दुमडता येतं, कमी पडलं तर कापड काय आभाळातून आणायचं, हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मशीनलाही पाठ झालं असेल. मी त्याच्याच दुकानात काज-बटणं करते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. माझी जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार आहे असं वहिनी म्हणते, आणि ते खरं आहे.

वहिनीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पहिल्यांदा धाप लागली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज ना उद्या झडप बदलावी लागेल. खर्च ऐकून दादाने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. एरवी तो जेवतानाही ती काढत नाही. विम्यासाठी आम्ही चार कंपन्यांचे उंबरे झिजवले. चारही ठिकाणी ‘आधीपासूनचा आजार’ एवढं वाचून लोकांनी हात वर केले. ज्याला गरज नाही त्यालाच विमा द्यायचा, ही यांची रीत. अशी तीन वर्षं गेली.

मग कायदा बदलला. आजार आधीपासूनचा आहे म्हणून यापुढे कोणालाही विमा नाकारता येणार नाही, की दिलेला काढून घेता येणार नाही, असं जाहीर झालं. त्या आजाराचा खर्च मात्र तीन वर्षं हप्ते भरल्यावरच मिळणार, आणि मध्ये एक जरी हप्ता चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तरी दादा हरखला. खोटं कशाला सांगू, मीही हरखले.

फॉर्म त्याने कटिंगच्या टेबलावर पसरला, कडा हाताने सारख्या केल्या आणि कापड कापण्याआधी बघतो तसा बराच वेळ बघत बसला. त्रास किती वर्षांपासून आहे, या प्रश्नापुढे त्याने पाच लिहिलं. मी म्हटलं, दादा, तीनच झाली की. तो म्हणाला, असू दे, उद्या कमी सांगितलं म्हणून अडवायला नको. स्वतःच्या विरुद्ध दोन वर्षं जादा लिहून तो निश्चिंत झाला. मला त्यात काही गैर दिसलं नाही, कारण मीही त्याच दुकानात वाढले.

पहिला हप्ता कसाबसा परवडला. दुसऱ्या वर्षी तो दीडपट झाला. तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. मी एजंटला दुकानात बसवून विचारलं, की हा कायदा आमच्यासाठी केला की तुमच्यासाठी. तो गरीब माणूस, पाणी प्यायला आणि म्हणाला, “ताई, आजारी माणसाला नाही म्हणायची बंदी आहे. किती घ्यायचे, यावर बंदी नाही.”

भीक नको पण कुत्रं आवर, असं त्याला सांगून मी वाटेला लावणार होते. पण दोन वर्षं भरलेली, एकच राहिलेलं. दादाने ओव्हरलॉक मशीन विकलं आणि हप्ता भरला. तेव्हापासून कपड्यांच्या कडा मी हाताने बांधते. बोटांची चाळण झाली आहे, आणि प्रत्येक टाक्याला मी त्या कंपनीचा उद्धार करते.

तीन वर्षं पुरी झाली तोवर वहिनीला दुकानावरच्या खोलीपर्यंत जिनाही चढवेना. ती दुकानातच, ट्रायलच्या पडद्यामागे गादी टाकून झोपायची. गिऱ्हाइकांनी उघड्यावर कपडे घालून बघितले. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांच्या पुढे थांबू नका. आम्ही कागद कंपनीत पाठवले आणि आठव्या दिवशी बोलावणं आलं.

कंपनीचा साहेब चांगल्या कोटात बसला होता. त्याने फॉर्म पुढे सरकवला. इथे पाच वर्षं लिहिलंय, आणि डॉक्टरांचा सगळ्यात जुना कागद फॉर्मच्या तीनच वर्षं आधीचा आहे. मग आधीच्या दोन वर्षांच्या तपासण्या कुठे आहेत? एक तर तुम्ही त्या लपवल्या, नाहीतर फॉर्मवर खोटं लिहिलंत.

दादाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो उठला, साहेबांची परवानगी घेतली आणि त्यांच्या कोटाची बाही उलटी करून आतली शिवण दाखवली. बघा, कोणीतरी इथे दोन बोटं कापड सोडलंय, तुम्ही अंगाने भरलात तर उपयोगी पडावं म्हणून. मी तसंच लिहिलं. कमी सांगितलं असतं तर फसवणूक, मी तर जास्त सांगितलं.

साहेबाने बाही सरळ केली. चौकशी लावली तर अडीच महिने जातील, म्हणाला. दुसरा मार्ग सोपा आहे. एक कागद छापून आणला. त्यावर लिहिलं होतं, की मी विम्याच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटी माहिती दिली. यावर सही करा, ऑपरेशनचे पैसे उद्याच मंजूर करतो, ही फक्त औपचारिकता आहे.

माझं डोकं फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी उभी राहिले आणि दादाला म्हटलं, सही करू नकोस, या माणसाला बाहेर ओढून लोकांपुढे विचारू. दादाने कागद दोनदा वाचला. ‘जाणूनबुजून’ एवढा शब्द काढता येईल का, असं त्याने विचारलं. येणार नव्हता.

“तिला जिना चढता येत नाही,” तो मला म्हणाला. “बाकीचं नंतर बघू.”

आणि त्याने सही केली.

झडप बदलली. वहिनी बरी झाली, हळूहळू जिना चढायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषधं आणि तपासण्या आता जन्मभर. दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं: फॉर्मवर खोटी माहिती दिल्याचं आपण लेखी मान्य केल्यामुळे आपला विमा पुढे चालू ठेवता येणार नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आजारी माणसाला बाहेर काढायला कायद्याने बंदी आहे, खोटारड्याला बाहेर काढायला नाही. त्यांना एक खोटारडा हवा होता आणि तो त्यांनी माझ्या भावाचा करून घेतला. मी ते पत्र फाडणार होते. दादाने माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि खडूच्या डब्याखाली ठेवलं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन खाली आली. अहो, यंदाचा विम्याचा हप्ता भरायचा असेल ना, किती आलाय, तिने विचारलं.

“भरला,” दादा म्हणाला.

चाळीस वर्षं मी त्याला ओळखते. तो खोटं बोललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो खोटं बोलतो हे कंपनीने त्याच्याकडून दोन महिने आधीच लिहून घेतलं होतं.